असिरियन हस्तिदंती अश्वभूषणे

घोड्याच्या चामडी म्होरकीवर बसवण्यासाठी हस्तिदंतात कोरलेली झापडे, कपाळपट्ट्या व इतर लहान तुकडे. काळ मुख्यतः इ.स.पू. ९ वे ते ८ वे शतक. सर्वांत मोठा साठा उत्तर इराकमधील निमरूद (प्राचीन असिरियन साम्राज्याचे कल्हू शहर) येथे, असिरियन राजा तिसऱ्या शाल्मनेसरने (इ.स.पू. ८५८–८२४) बांधलेल्या शस्त्रागार-राजवाड्यात सापडला. पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन आणि डेव्हिड ओट्स यांनी १९५७ नंतर तो खणला.

झापड साधारण तळहाताएवढे, आकाराने फावड्याच्या पात्यासारखे. ते जोडीने असे. डाव्या झापडावरचे चित्र उजव्याच्या उलट, आरशातल्यासारखे. एका आवडत्या नमुन्यात पंख असलेला स्फिंक्स (सिंहाचे धड, माणसाचे डोके) बसलेला दिसतो आणि जवळच कमळाची कळी. कडेच्या भोकांतून ते चामड्याला जखडत. घोड्याला आजूबाजूचे दिसू नये म्हणून लावायची ही वस्तू. तिच्यावरचे कोरीवकाम अर्थात बघणाऱ्यांसाठी, घोड्याला त्याचा उपयोग नाही. लांबट कपाळपट्टीवर बहुधा नग्न देवी असते, कधी हातात सिंह वा कमळे धरलेली, तर कधी डोक्यावर पंखयुक्त सूर्यबिंब.

‘असिरियन’ हे नाव मात्र जरा फसवे आहे. वस्तू असिरियात सापडल्या, पण घडल्या बहुतेक दुसरीकडे. इजिप्शियन वळणाचे, नाजूक काम फिनिशियन (आजच्या लेबनॉन किनाऱ्यावरच्या) कारागिरांचे मानतात. ठसठशीत चेहऱ्यांचे, भरगच्च काम उत्तर सीरियातले. असिरियन राजांच्या शिलालेखांत खंडणीच्या यादीत हस्तिदंत वारंवार येतो. इ.स.पू. ७०१ च्या स्वारीनंतर यहूदा राज्याचा राजा हिज्किया याने पाठवलेल्या खंडणीत हस्तिदंती पलंग आणि हत्तीचे सुळेही होते. कच्चा माल त्या काळी फार लांबचा नव्हता, सीरियात तेव्हा रानटी हत्ती होते. असिरियन राजा दुसऱ्या अशुरनासिरपालने ३० हत्ती मारल्याची बढाई कोरून ठेवली आहे.

असा साज एका दरबारातून दुसऱ्याकडे कसा जाई, हे कांस्याच्या वस्तूंवरून अधिक स्पष्ट होते. ग्रीसमधील सामोस येथे सापडलेल्या कपाळपट्टीवर आणि एरेट्रियातील झापडावर दमास्कसचा राजा हजाएल याच्या नावाचा अरामी भाषेतला लेख आहे. राजाचा ऐवज असा शेवटी ग्रीक देवळांत नवसाचे दान होऊन बसला. होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याच्या चौथ्या सर्गात तर एक बाई घोड्याच्या गालपट्टीसाठी हस्तिदंत जांभळा रंगवते. अनेक घोडेस्वारांना ती पट्टी हवी असते, पण ती राजासाठी कोठारात जपून ठेवलेली.

हस्तिदंत ठिसूळ, रणांगणापेक्षा मिरवणुकीत, राजाच्या रथाला जुंपलेल्या घोड्यांवर हा साज शोभला असावा. त्याच शस्त्रागारात असिरियन राजा दुसऱ्या सारगॉनच्या काळातील लष्करी घोड्यांची मोजदाद करणाऱ्या मातीच्या पाट्याही मिळाल्या, पण नोंदीतल्या एखाद्या घोड्याशी एखादे झापड जुळवता येत नाही.

हस्तिदंतावर कित्येकदा सोन्याचा पत्रा असे. इ.स.पू. ६१४–६१२ मध्ये मीड (प्राचीन इराणमधले लोक) आणि बॅबिलोनियन सैन्यांनी असिरियाची शहरे लुटली, तेव्हा सोने ओरबाडून घेतले आणि हस्तिदंत फेकून दिला. आपल्या हाती आले ते लुटारूंना नको असलेले. खणलेला साठा बगदाद, लंडन आणि इतर संग्रहालयांत वाटला गेला. २०११ मध्ये ब्रिटिश म्युझियमने सुमारे ६,००० तुकडे सुमारे ११.७ लाख पौंडांत विकत घेतले. बगदादमध्ये बँकेच्या तळघरात सुरक्षित म्हणून ठेवलेले काही हस्तिदंती काम २००३ मध्ये तिथे पाणी शिरून खराब झाले.