दुःख नसताना येणारं रडू: मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या एका लक्षणाची पार्श्वभूमी

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारात काही रुग्णांना मध्येच रडू कोसळतं किंवा हसू आवरत नाही. मनात तेवढं दुःख नसतं, आनंदही नसतो. वैद्यकशास्त्रात याला 'स्यूडोबल्बर अफेक्ट' म्हणतात. घरचे मात्र 'मनाने खचलाय' म्हणून समजूत घालत बसतात आणि रुग्ण शरमेने लोकांत जाणंच सोडतो.

हे निरीक्षण जुनं आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ झां-मार्टां शार्को यांनी १८६८ मध्ये एमएसचं पद्धतशीर वर्णन केलं. त्यांच्या व्याख्यानांत विनाकारण हसणाऱ्या-रडणाऱ्या रुग्णांचा उल्लेख येतो. मेंदूच्या काही आजारांत रडू लवकर येतं, हे १८७२ मध्ये चार्ल्स डार्विननेही लिहून ठेवलं.

पण असं का होतं? लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ किनिअर विल्सन यांनी १९२४ मध्ये त्याची मांडणी केली. हसताना-रडताना चेहरा, श्वास आणि आवाज एकत्र हलतात. त्यांचा मेळ मेंदूच्या देठात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये घातला जातो आणि वरच्या मेंदूचा त्यावर अंकुश असतो. हा अंकुश वाहून आणणारे मज्जातंतू तुटले, की खालची यंत्रणा मोकाट सुटते. एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टन जागोजागी झिजतं, त्यामुळे ही मांडणी इथे चपखल बसते. मला विल्सन यांचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत दिसतं: भावना आणि तिचा आविष्कार या दोन गोष्टी सुट्या होऊ शकतात, हे त्यांनी ठामपणे सांगितलं. रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवायला विज्ञानाचा आधार मिळाला.

पुढे १९९७ मध्ये टोरोंटोतल्या अभ्यासात एमएसच्या सुमारे १० टक्के रुग्णांत हा त्रास आढळला. २००१ मध्ये मेंदूसंशोधक जोसेफ परविझी, अँटोनिओ डामासिओ आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या एका रुग्णावरून लहान मेंदूकडे, म्हणजे सेरेबेलमकडे बोट दाखवलं. हसणं-रडणं प्रसंगाला साजेसं ठेवण्याचं काम सेरेबेलम करतो आणि त्याच्या जोडण्या तुटल्या की ते बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर इस्रायलमधल्या हैफाच्या संशोधकांनी एमएसच्या अशा रुग्णांचा मेंदू शब्दांना कसा प्रतिसाद देतो, हे विद्युतलहरींवरून मोजलं, तेव्हा त्यांचा प्रतिसाद निरोगी माणसांपेक्षा वेगळा दिसला.

उपचार आडवाटेने आला. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन एएलएस या, हालचालींचे मज्जातंतू हळूहळू निकामी करणाऱ्या आजारावर तपासलं जात होतं. आजार थांबला नाही, पण रुग्णांचं रडणं कमी झालं. शरीर हे औषध फार लवकर मोडून टाकतं, म्हणून ते मोडणं रोखणाऱ्या क्विनिडीनची जोड दिली गेली. अमेरिकेत २०१० मध्ये या मिश्रणाला मान्यता मिळाली. ते मेंदूत नेमकं काय करतं, हे अजून पक्कं ठरलेलं नाही.