जोडाक्षरांवर आलेला आळ

एका ग्रंथालयासाठी पुस्तकयादीचं अँड्रॉइड अ‍ॅप लिहिलं होतं. माझ्या फोनवर यादी लोण्यासारखी सरकायची. तेच अ‍ॅप काकांच्या पाच वर्षं जुन्या फोनवर टाकलं. त्यांनी यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "अगं, हे अडकतंय." पुस्तकांची नावं थोडी पुढे जायची, थबकायची, मग एकदम उडी मारायची. "मराठीत आहे म्हणून असेल," काका म्हणाले. माझाही पहिला संशय तिथेच गेला होता.

संशयाला थोडा आधार होता. 'कि' हे अक्षर साठवताना आधी 'क' येतो आणि मग वेलांटी, पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. 'क्ष' किंवा 'ष्ट्र' साठी कोणकोणती अक्षरं जोडून कोणता आकार घ्यायचा, हे फाँटला विचारावं लागतं. अँड्रॉइडमध्ये हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, करते. रोमन लिपीपेक्षा देवनागरीत तिला जास्त काम पडतं, हे खरंच आहे. पण तेवढ्यामुळे यादी अडकते का?

पडद्याचं वेळापत्रक फार कडक असतं. 60 हर्ट्‌झचा पडदा सेकंदाला 60 वेळा नवं चित्र मागतो, म्हणजे एका चित्राला 16.67 मिलिसेकंद. 120 हर्ट्‌झच्या फोनवर जेमतेम 8.3. काम 18 मिलिसेकंदांवर गेलं, तर चित्र 1.33 मिलिसेकंद उशिरा येत नाही; जुनंच चित्र आणखी एक पूर्ण फेरी तसंच राहतं. प्लॅटफॉर्मवर एक मिनिट उशिरा पोचलेल्या माणसाला एका मिनिटाचा उशीर होत नाही, पुढच्या लोकलपर्यंतचा होतो. तसंच हे. अँड्रॉइडने 2012 मध्ये 4.1 आवृत्तीत सगळं रेखाटन पडद्याच्या या ठोक्याला बांधून घेतलं, आणि त्या उपक्रमाचं नावच 'प्रोजेक्ट बटर' होतं.

माझं अ‍ॅप जेटपॅक कंपोझ या अँड्रॉइडचे पडदे रचण्याच्या साधनात लिहिलेलं होतं. कंपोझची पहिली पक्की आवृत्ती जुलै 2021 मध्ये आली. अ‍ॅपलचं स्विफ्टयूआय, फ्लटर आणि रिअ‍ॅक्ट ही त्याच कुळातली. पूर्वी आपण पडद्याला हुकूम सोडायचो: या पाटीवरचा मजकूर बदल, ते बटण लपव. डिक्लरेटिव्ह पद्धतीत आपण फक्त वर्णन लिहितो: माहिती अशी असेल तर पडदा असा दिसावा. माहिती बदलली की यंत्रणा वर्णनाचा तेवढा भाग पुन्हा वाचते आणि फरक लावून घेते. या पुन्हा वाचण्याला रिकंपोझिशन म्हणतात. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण पडदा एक सांगतोय आणि माहिती दुसरंच, हा जुना घोळ तिच्यात सहसा होत नाही. पण कोणता भाग कधी पुन्हा वाचला जाईल हे आता आपण ठरवत नाही, यंत्रणा ठरवते. त्यामुळे मंदपणा कोडच्या कुठल्या ओळीत आहे, हे नुसतं वाचून सहजी दिसत नाही. तो मोजावाच लागतो.

मोजण्याआधी एक पथ्य पाळायचं: डीबग आवृत्तीवर, म्हणजे चुका शोधण्यासाठीच्या कच्च्या आवृत्तीवर, मोजायचं नाही. कंपोझ फोनच्या सिस्टिममध्ये नसतं, ते अ‍ॅपबरोबर येतं. त्यामुळे त्याचा कोड सुरुवातीला चालता चालता फोनच्या यंत्रभाषेत भाषांतरित होतो, आणि डीबग आवृत्तीत तपासणीचं ओझंही असतं. लोकांना द्यायच्या रिलीज आवृत्तीत कोड घासूनपुसून येतो. शिवाय बेसलाइन प्रोफाइल दिलं, तर कोणता कोड आधीच भाषांतरित करून ठेवायचा हे फोनला कळतं. मंद स्क्रोलच्या कितीतरी तक्रारी एवढ्यावरच मिटतात. माझी मिटली नाही.

मग काकांचा फोन केबलने जोडून स्क्रोल करतानाचा पाच सेकंदांचा ट्रेस, म्हणजे कोणतं काम कधी आणि किती वेळ चाललं याची नोंद, घेतला आणि परफेटो या ट्रेस बघण्याच्या साधनात उघडला. डावीकडून उजवीकडे वेळ, आडव्या रांगांमध्ये थ्रेड, म्हणजे शेजारी शेजारी चालणाऱ्या कामांच्या धारा, त्यांत रंगीत पट्ट्या. वेळ चुकलेली एक फ्रेम, म्हणजे पडद्याचं एक चित्र, निवडली आणि झूम करत गेले. मजकुराची मापं घेण्याची पट्टी शोधावी लागली, इतकी बारीक होती. अँड्रॉइड शब्दाची एकदा केलेली घडण जपून ठेवतं. 'इतिहास' हा शब्द दहा नावांत आला तरी साधारणपणे एकदाच घडवला जातो. जोडाक्षरं निर्दोष होती. फ्रेमचा मोठा भाग व्यापला होता रिकंपोझच्या पट्टीने.

हे कोडं होतं. स्क्रोल करताना पुस्तकाचं नाव बदलत नाही, मग पुन्हा वाचायचं काय? अँड्रॉइड स्टुडिओ या अ‍ॅप लिहिण्याच्या साधनातल्या लेआउट इन्स्पेक्टरमध्ये प्रत्येक घटकापुढे दोन आकडे दिसतात: किती वेळा रिकंपोझ झाला आणि किती वेळा वगळला गेला. बोट हलवलं की पहिला आकडा सगळ्या ओळींपुढे पळत होता, दुसरा जागचा हलत नव्हता.

कारणं दोन निघाली, आणि दोन्ही एकमेकांना धरून होती. वर ग्रंथालयाचं नाव होतं, ते स्क्रोलबरोबर फिकट व्हायचं. त्यासाठी स्क्रोल किती झालं हा आकडा मी अख्ख्या पडद्याच्या वर्णनात वाचला होता. तो प्रत्येक फ्रेमला बदलतो, म्हणून प्रत्येक फ्रेमला अख्खं वर्णन पुन्हा वाचलं जायचं. एवढ्याने ओळी अडकायला नकोत, कारण न बदललेला घटक कंपोझ वगळतं. पण त्याच वर्णनात मी पुस्तकं अकारविल्हे लावत होते आणि प्रत्येकाची दाखवण्यापुरती नवी प्रत बनवत होते. त्या प्रतीत लेखकांची यादी होती, आणि अ‍ॅप ज्या भाषेत लिहिलं त्या कोटलिनची साधी यादी कंपोझ स्थिर मानत नाही, कारण तिच्यामागे बदलता येणारी यादी लपलेली असू शकते. कोटलिन 2.0.20 पासून अशा अस्थिर गोष्टीही वगळता येतात, पण तेव्हा प्रश्न 'सारखी आहे का' हा नसतो, 'तीच आहे का' हा असतो. माझी प्रत दर फ्रेमला नवी कोरी. उत्तर दर वेळी नाही.

दुरुस्ती काही ओळींची होती. क्रम लावणं आणि प्रती बनवणं वर्णनाबाहेर, पडद्याची माहिती सांभाळणाऱ्या व्ह्यूमॉडेलमध्ये नेलं. फिकट होण्याचा आकडा रेखाटनाच्या टप्प्यात वाचला. कंपोझचे टप्पे तीन: काय दाखवायचं, कुठे मांडायचं, आणि रंगवायचं. आकडा तिसऱ्या टप्प्यात वाचला की पहिल्या दोन टप्प्यांना हात लागत नाही. फ्लटरमध्येही हाच अनुभव येतो: सेटस्टेट, म्हणजे माहिती बदलल्याची सूचना, फार वरच्या विजेटमध्ये (पडद्याच्या घटकात) केलं की खालची अख्खी फांदी नव्याने बांधली जाते. स्विफ्टयूआयमध्ये कोणत्या बदलामुळे दृश्य पुन्हा मोजलं गेलं, हे छापून दाखवण्याची सोय आहे.

काकांना फरक डोळ्यांनी दिसावा म्हणून फोनच्या माहितीत बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर पर्याय उघडले आणि रेंडरिंगचे उभे पट्टे पडद्यावर लावले. एक पट्टा म्हणजे एक फ्रेम. आडवी हिरवी रेषा म्हणजे 16.67 मिलिसेकंद. जुन्या अ‍ॅपमध्ये पट्टे रेषेच्या वर झाडीसारखे वाढले होते. नव्यात काकांनी तीनशे पुस्तकं वरपासून खालपर्यंत सरकवली आणि गवत रेषेखाली राहिलं. मुखपृष्ठं पहिल्यांदा दिसतात तिथे मात्र दोन-तीन पट्टे अजून उंच येतात. तिथला ट्रेस घेऊन ठेवला आहे.