भट्टी बंद झाली, गार कुठे झाली?

अणुभट्टी ट्रिप झाली, म्हणजे बिघाडामुळे अचानक बंद पडली, की बातमीत ठरलेलं वाक्य येतं: ‘भट्टी सुरक्षितपणे बंद झाली, धोका टळला.’ यातला पहिला भाग बहुतेक वेळा खरा असतो. दुसरा त्यावरून ठरत नाही. भट्टी बंद करणं हे एक काम आणि ती गार ठेवणं हे दुसरं. यंत्रणा वेगळ्या, वेळ वेगळा, बिघडण्याच्या तऱ्हाही वेगळ्या.

बंद करणं तुम्हाला माहीत आहेच. नियंत्रक दांडे आत जातात, न्यूट्रॉन शोषतात, युरेनियमचे अणू फुटत जाण्याची, म्हणजे विखंडनाची, साखळी तुटते. काही सेकंदांचं काम.

घोळ पुढे आहे. ‘गॅस बंद केला तरी कुकर थोडा वेळ गरम राहतो, तसंच हे,’ असं समजावणाऱ्यांनी फार नुकसान केलं आहे. कुकरमध्ये असते ती साठलेली उष्णता. ती कमीच होत जाणार, कुकर तसाच ओट्यावर ठेवला तरी. बंद भट्टीत उष्णता नव्याने तयार होत असते. विखंडनातून उरलेले तुकडे, म्हणजे आयोडीन, सीझियम आणि त्यांची भावंडं, अस्थिर असतात. ती आपापल्या गतीने क्षय पावतात आणि तापतात. त्यासाठी न्यूट्रॉन लागत नाही, त्यामुळे नियंत्रक दांडे त्यांचं काहीही वाकडं करू शकत नाहीत. उपमा हवीच असेल तर ओल्या शेणखताच्या ढिगाची घ्या: खाली जाळ नाही, तरी आतून वाफा. या उष्णतेला प्रकल्पावर ‘डिके हीट’ म्हणतात आणि तिला बटण नसतं.

किती असते? १,००० मेगावॉट विजेची भट्टी धरा, म्हणजे सुमारे ३,००० मेगावॉट उष्णतेची, कारण उष्णतेच्या साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. दांडे आत गेल्या क्षणी साधारण साडेसहा टक्के उरते: जवळजवळ २०० मेगावॉट. तासाभराने दीड टक्का, ४५ मेगावॉट. दिवसाने अर्धा टक्का, १५ मेगावॉट. ‘अर्धा टक्का’ ऐकून माणसं निर्धास्त होतात, म्हणून पाण्यात मोजा. १५ मेगावॉट नुसतं पाणी उकळून बाहेर काढायचे तर तासाला १०,००० लिटरचे दोन टँकर ओतावे लागतात, रात्रंदिवस. आठवड्यानंतरही तासाला एक टँकर लागतोच.

टँकर थांबले तर पाणी आटतं, इंधनकांड्या उघड्या पडतात. त्यांचं झिरकॅलॉय या मिश्रधातूचं वेष्टण १,२०० अंशांच्या आसपास वाफेशी जोरात रासायनिक क्रिया करतं. त्यातून आणखी उष्णता निघते आणि हायड्रोजन सुटतो. जपानच्या फुकुशिमा दाइची प्रकल्पात टीव्हीवर दिसलेले स्फोट याच हायड्रोजनचे होते, अणुस्फोट नव्हेत. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २:४६ ला भूकंप झाला आणि चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या. बाहेरून येणारी वीज गेली, पाणी फिरवणाऱ्या पंपांसाठी डिझेल जनरेटर सुरू झाले. सुमारे पन्नास मिनिटांनी त्सुनामी आली आणि तळघरातले जनरेटर व वीज वाटून देणारं स्विचगिअर बुडाले. सहाव्या युनिटचा उंचावर असलेला, हवेने गार होणारा एक जनरेटर वाचला. त्याच्यावर पाचवं आणि सहावं युनिट तरलं.

म्हणून चेर्नोबिल आणि फुकुशिमा एका दमात म्हणू नका. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलमध्ये पहिलं काम फसलं. साखळी प्रक्रिया हाताबाहेर गेली आणि ग्राफाइटची टोकं असलेल्या दांड्यांनी आत शिरताना ती आणखी भडकवली. अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड, २८ मार्च १९७९: भट्टी सेकंदांत बंद झाली होती. पण एक झडप उघडी अडकली, पाणी जात राहिलं आणि चालकांनी पाणी जास्त झाल्याच्या समजुतीने आपत्कालीन पुरवठा कमी केला. निम्मा गाभा, म्हणजे भट्टीतला इंधनाचा भाग, वितळला. म्हणजे दुसरं काम फसलं, फुकुशिमासारखंच.

दोन्ही कामं सुटी-सुटी बघायची असतील तर उत्तर प्रदेशातलं नरोरा घ्या. याचा उल्लेख आपल्याकडे फार कमी होतो, हे मला खटकतं. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे पहिल्या युनिटच्या टर्बाइनची पाती तुटली, जनरेटरमधला हायड्रोजन पेटला, आग केबलमधून पसरली आणि सुमारे सतरा तास युनिटला वीज नव्हती. भट्टी लगेच बंद केली गेली. पण गाभा निवतो तशी साखळी पुन्हा सुरू होण्याची शक्यता असते, म्हणून चालकांनी त्यात न्यूट्रॉन शोषणाऱ्या बोरॉनचं द्रावण सोडलं. हे पहिलं काम. दुसऱ्यासाठी आग विझवायचे डिझेल पंप लावून स्टीम जनरेटरला, म्हणजे गाभ्यातली उष्णता घेऊन वाफ करणाऱ्या टाकीला, पाणी दिलं. गाभ्यातली उष्णता वाहून नेणारं जड पाणी गरम होऊन वर आणि गार होऊन खाली, असं पंपाशिवाय फिरत राहिलं. नुसतं बोरॉन टाकून थांबले असते तर गाभा वाचला नसता.

फुकुशिमानंतर भारतातल्या प्रकल्पांत बाहेरून पाणी जोडायची तोंडं बसवली गेली, ती या दुसऱ्या कामासाठीच. नव्या भट्ट्यांमधला मोठा बदलही तिथेच आहे. काक्रापारच्या ७०० मेगावॉटच्या भट्ट्यांत स्टीम जनरेटरची वाफ वरच्या टाक्यांमध्ये निववून पंपाविना परत आणता येते. कुडनकुलमला तेच काम बाहेरच्या हवेवर चालतं. अमेरिकेच्या वेस्टिंगहाउस कंपनीच्या एपी१००० भट्टीच्या माथ्यावरच्या टाकीत ७२ तासांचं पाणी असतं. विक्रेते याला ‘पॅसिव्ह’ म्हणतात आणि ऐकणारे ‘कायमचं सुरक्षित’ असं ऐकतात. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज हे भारताचं उद्दिष्ट आहे. नव्या प्रकल्पाचं माहितीपत्रक हातात आलं की भट्टी किती सेकंदांत बंद होते ते पान उलटून टाका. वीज गेल्यावर पाणी किती तास पुरतं आणि मग टाकी कोण, कशाने भरतं, ते पान शोधा. एपी१००० मध्ये ७२ तासांनंतर त्यासाठी छोटे पंप आणि त्यांना वीज देणारे छोटे डिझेल जनरेटर ठेवलेले असतात.