‘ग्रीन’ ऑलिम्पिक आलं कुठून?

आता कुठलीही मोठी स्पर्धा जाहीर झाली की सस्टेनेबिलिटी, म्हणजे पर्यावरण सांभाळून काम करणं, हा शब्द ठरलेला. पण हे आयोजकांना आपणहून सुचलं असं नाही, बऱ्याचदा तिथली माणसं आडवी आली म्हणून त्यांना ऐकावं लागलं, आणि या इतिहासात मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरचंच घ्या. १९७६ चं विंटर ऑलिम्पिक त्यांना मिळालेलं होतं, पण खर्च नको आणि डोंगरांची नासधूसही नको म्हणून कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर १९७२ मध्ये सरकारी पैसा द्यायलाच नकार दिला, मग स्पर्धा गेली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला.

१९९२ ला फ्रान्समध्ये आल्बर्टव्हिलच्या विंटर ऑलिम्पिकच्या वेळी आल्प्समधल्या खोदकामावरून खूप ओरड झाली, आणि दोनच वर्षांनी नॉर्वेच्या लिलेहामरने बरंच वेगळं करून दाखवलं. तिथल्याच स्पर्धेसाठी हामार गावातला स्केटिंग हॉल पक्ष्यांच्या पाणथळ जागेला अगदी खेटून होणार होता, निसर्गप्रेमींनी विरोध केल्यावर तो बाजूला सरकवला. योविक गावातली आइस हॉकीची रिंक तर चक्क डोंगराच्या पोटात कोरली. त्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिम्पिक काँग्रेसमध्ये, म्हणजे ऑलिम्पिक चळवळीच्या मोठ्या परिषदेत, खेळ आणि संस्कृतीच्या जोडीला पर्यावरण हाही ऑलिम्पिकचा आधारस्तंभ ठरला, १९९६ ला ते ऑलिम्पिक चार्टरमध्ये, म्हणजे ऑलिम्पिकच्या नियमावलीतही गेलं.

सिडनी २००० ची गोष्ट मला फार आवडते. होमबुश बे म्हणजे वर्षानुवर्षं कारखान्यांचा विषारी कचरा टाकलेली जागा, ती साफ करून ऑलिम्पिक पार्क उभारायचा होता, आणि तिथल्याच वीटभट्टीच्या जुन्या खाणीत दुर्मिळ झालेला हिरवा-सोनेरी बेडूक सापडला. तळहातावर मावेल एवढा जीव, पण त्याच्यासाठी टेनिस सेंटर दुसरीकडे हलवलं.

दरवेळी असं होत नाही. २०१८ च्या प्योंगचांग विंटर ऑलिम्पिकसाठी दक्षिण कोरियातल्या गारिवांग डोंगरावरचं जुनं जंगल तोडलं, तेही थोड्या दिवसांच्या स्की शर्यतींसाठी, याचं खरंच वाईट वाटतं. पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या सर्फिंगसाठी जजेसचा नवा टॉवर समुद्रात बांधायचा होता, तेव्हा तिथल्या तेआहुपो गावचे लोक आणि सर्फर रस्त्यावर उतरले, मग टॉवर लहान केला, तरी डिसेंबर २०२३ मध्ये ट्रायल घेताना बार्जखाली (सामान नेणाऱ्या सपाट बोटीखाली) प्रवाळ तुटलंच.

आता खरी अडचण प्रवासाची आहे. कतारच्या २०२२ फुटबॉल वर्ल्डकपचं कार्बन उत्सर्जन आयोजक फिफाच्याच अंदाजाने साधारण ३६ लाख टन, त्यातलं निम्म्याहून जास्त लोकांच्या येण्याजाण्याचं, आणि तरी स्पर्धा कार्बन न्यूट्रल (जेवढा कार्बन सोडला तेवढा भरून काढलेली) असल्याची जाहिरात केली, जी २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या जाहिरात नियामकाने दिशाभूल करणारी ठरवली. बेडकासाठी, पाणथळीसाठी तिथलं कुणीतरी उभं राहिलं, विमानांच्या धुरासाठी असं कोण उभं राहणार? २०२६ च्या वर्ल्डकपसाठी संघ ३२ चे ४८ केले आणि मॅचेस ३ देशांत वाटल्या, २०३० चा तर ६ देशांत आणि ३ खंडांत ठरवलाय.