खरूज (लहान मुलांमधील)

खरूज हा अंगाला अंग लागून पसरणारा त्वचारोग. तो होतो कोळ्याच्या जातकुळीतल्या, सार्कोप्टिस स्केबिआय नावाच्या आठ पायांच्या जीवामुळे. मादी जेमतेम 0.4 मिलिमीटर लांबीची. ती कातडीच्या वरच्या थरात बीळ कोरत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. हा जीव, त्याची अंडी आणि विष्ठा शरीराला सोसत नाहीत, म्हणून खाज सुटते. पहिल्या वेळी ती सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर लागण मात्र घरभर फिरत असते.

मोठ्या माणसांत बोटांची बेचकी, मनगटं, काखा, कंबर इथे पुरळ येतं. दीड-दोन वर्षांच्या पोराचे तळहात, तळपाय, मान आणि डोकंही सुटत नाही. दिवसा खेळणारं मूल रात्री पांघरुणात ऊब लागली की किरकिरतं, पाय एकमेकांवर घासतं. तळवा उजेडात धरला तर बारीक फोड आणि कधी कधी पेन्सिलीने ओढल्यासारखी वेडीवाकडी करडी रेघ दिसते. तेच ते बीळ. याला घामोळं किंवा उष्णता समजून दिवस घालवले जातात. रात्रीची खाज आणि घरात आणखी कुणाला तरी खाज, या दोन गोष्टी जुळल्या तर खरजेचा संशय घ्यावाच.

घर अस्वच्छ म्हणून खरूज होते, हा समज आईवर फार अन्याय करणारा आहे. रोज न्हाऊ-माखू घातलेल्या बाळालाही ती होते. कुशीत झोपणं पुरेसं असतं.

दोन महिन्यांपुढच्या बाळांना डॉक्टर सहसा 5 टक्के परमेथ्रिनचं मलम देतात. रात्री सर्वांगाला, नखांखाली आणि कानांमागेही लावायचं, डोळे-तोंड सोडायचं, 8 ते 14 तासांनी धुवायचं आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. मूल हात तोंडात घालतं, म्हणून हातमोजे चढवावेत. उपचार फसतो तो इथे : मलम एकट्या बाळाला लावलं जातं. खाज नसलेल्या आजी-आजोबांसकट सगळ्यांनी ते एकाच रात्री लावायला हवं. दुपटी, चादरी, कपडे गरम पाण्यात धुवावेत. जे धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बांधून ठेवावं. दुकानातून परस्पर आणलेलं स्टेरॉइडचं मलम खाज दबवतं, किडा तसाच राहतो.

खाजवून झालेल्या जखमा चिघळल्या तर जंतुसंसर्गामुळे क्वचित मूत्रपिंडाला सूज येते. लघवी लालसर झाली किंवा चेहरा सुजला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. तेवढ्यावरून घाबरून मलम पुन्हा पुन्हा चोपडू नये.