‘माझ्याकडं तर चालतंय की!’ : वेबसाइट आणि ब्राउझरविषयी आमच्या ग्राहकांसाठी

साइट सुरू झाली की पहिली तक्रार बहुतेक अशीच येते. कोल्हापुरात गुजरीतल्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर सगळं झकास दिसतं, पण पुण्याच्या गिऱ्हाइकाला ‘ऑर्डर करा’ हे बटणच सापडत नाही. दोघंही खरंच सांगत असतात.

आम्ही कोड लिहितो, पण तो पडद्यावर मांडतं ब्राउझरमधलं इंजिन. सध्या मोठी इंजिनं तीन. क्रोम, एज, ऑपेरा आणि सॅमसंगचा ब्राउझर ब्लिंकवर चालतात, फायरफॉक्स गेकोवर आणि सफारी वेबकिटवर. नियमावली सगळ्यांना एकच, पण नवी सोय तिन्हीकडे एकदम येत नाही. शिवाय नियम जिथं मोघम आहे तिथं ज्याचा त्याचा कारभार. ‘२०२५-०३-०८ १७:३०’ अशी मधे जागा सोडून लिहिलेली तारीख क्रोम मुकाट्यानं समजून घेतो, जुना सफारी ती चुकीची ठरवतो. मग डिलिव्हरीची तारीख कोरी दिसते.

सगळ्यात जास्त वेळ आयफोन खातो. भारतात आयफोनवर क्रोम टाकला तरी आत वेबकिटच असतं, त्यामुळे “क्रोममध्ये उघडून बघा” हा सल्ला तिथं फुकट जातो. त्यात सफारीची पत्त्याची पट्टी २०२१ पासून खाली आली. पानाची उंची जुन्या पद्धतीनं मोजली असेल तर तळाचं बटण नेमकं तिच्यामागं दडतं. वर सांगितलेलं हरवलेलं बटण बहुधा तिथंच असतं.

दुसरं टोक म्हणजे विंडोज ७. शाहूपुरीच्या गूळ पेढीपासून उद्यमनगरच्या फाउंड्रीपर्यंत हिशेबाचा जुना कॉम्प्युटर अजून इमानानं चालतो, तो टाकून द्या असं आम्ही म्हणणार नाही. पण त्यावर क्रोम १०९ च्या पुढं जात नाही, आणि ती आवृत्ती जानेवारी २०२३ ची आहे. त्यानंतर आलेल्या सोयी तिला कळत नाहीत. तसा कॉम्प्युटर वापरात असेल तर काम सुरू होण्याआधी सांगा. तेवढं जपून लिहिता येतं. नंतर सांगितलंत तर तेच काम दुप्पट होतं. इंटरनेट एक्सप्लोररसाठी मात्र आम्ही काम घेत नाही. मायक्रोसॉफ्टनंच १५ जून २०२२ ला त्याचा आधार काढून घेतला.

मराठी मजकुराचंही एक आहे. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवलं नाही, तर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात. आम्ही ते नोंदवतो आणि फॉन्टही साइटबरोबरच देतो.

सगळीकडे साइट तंतोतंत सारखी दिसेल असा शब्द आम्ही देत नाही, कुणी देत असेल तर जरा जपून. कोपऱ्याची गोलाई किंवा सावली इकडंतिकडं झाली तर चालेल. किंमत दिसणं, ऑर्डर जाणं, पैसे भरले जाणं आणि बिल उतरणं यात मात्र तडजोड नाही. या चार गोष्टी आम्ही खऱ्या अँड्रॉइड फोनवर, खऱ्या आयफोनवर आणि इन्स्टाग्रामच्या आत उघडणाऱ्या पानातही तपासतो. बिलाची पीडीएफ अडते ती अनेकदा तिथंच.

अडचण कळवताना “साइट बंद आहे” एवढंच लिहू नका. फोनचं मॉडेल, ब्राउझरचं नाव, त्याची आवृत्ती (सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली सापडते) आणि पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट पाठवा. लिंक इन्स्टाग्राममधून उघडली की थेट ब्राउझरमध्ये, हेही लिहा.