गोव्यातला नाटकांचा सीझन ठरवतं कोण?

पाऊस ओसरायला लागला की गोव्यात सगळ्यांच्या मोबाईलवर पोस्टरं फिरायला लागतात. पणजीची कला अकादमी, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगावचं रवींद्र भवन, साखळी, कुडचडे, सगळीकडची. एका आठवड्यात शास्त्रीय गायन, पुढच्यात कथ्थक, मग संगीत नाटक, मध्येच तियात्र (गाण्यांसकटचं कोकणी नाटक) आणि त्याच्यावर कुठल्यातरी स्पर्धेची एंट्री. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं की कुणीतरी ऑफिसात बसून छान सीझन आखलाय. तसं अजिबात नाहीये. बुकिंग ऑफिसातच होतं हे खरं, पण कॅलेंडर देवळाचं आहे, आणि ते ऑडिटोरियमच्याच नाही तर सरकारच्याही कितीतरी आधीचं आहे.

आधी पावसाचंच बघा. जून ते सप्टेंबर गोव्यात उघड्यावर रात्रभर काही करणं शक्यच नाही, आणि गावातली अर्धी माणसं शेतात. म्हणून पावसाळ्यात नाटक नाही, भजन. ते छपराखाली होतं, त्याला पडदे लागत नाहीत की रंगभूषा लागत नाही. वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह त्यातलाच, 1899 मध्ये प्लेगच्या साथीत सुरू झालेला, श्रावणात, दिवसरात्र अखंड. मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी येते, घराघरात आरत्या आणि घुमट हे मातीचं तालवाद्य. (घुमटाला घोरपडीचं कातडं लावायचे म्हणून त्याच्यावर बंदी होती, आता बकऱ्याचं लावतात, आणि 2019 मध्ये सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. उशिराच, पण केलं.) चवथ झाली, भाताची कापणी झाली, की मग कार्तिकापासून जत्रा, पालख्या, काला आणि नाटकं. शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीच्या सणापर्यंत हे चालतं आणि पुढे ऊन वाढलं की मंदावतं. आजचं कुठलंही थिएटरचं शेड्यूल घ्या आणि याच्या शेजारी ठेवून बघा, थोड्याफार फरकाने तेच दिसेल.

आता हे सगळं फोंडा तालुक्यातच इतकं का एकवटलंय, त्याचं कारण सोळाव्या शतकात आहे. पोर्तुगीजांनी तिसवाडी, बार्देश, सासष्टीतली देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी देव उचलून नदीपलीकडे नेले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. अंत्रुज महाल, म्हणजे हाच फोंडा, तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता, तो त्यांच्या ताब्यात गेला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तोपर्यंत त्यांचा सुरुवातीचा धर्मवेडा जोर बराच उतरला होता. त्यामुळे दोन-चार मैलांच्या टापूत मोठमोठी देवस्थानं गोळा झाली, आणि देवस्थान म्हणजे नुसती पूजा नाही, तिथे चौघडा आला, कीर्तन आलं, उत्सवातलं गाणं-नाचणं आलं, आणि ते करणारी कलावंत घराणी आली जी पिढ्यान्‌पिढ्या देवळाशी बांधलेली होती. गायिका केसरबाई केरकर 1892 मध्ये केरीला जन्मल्या, मोगूबाई कुर्डीकर 1904 मध्ये कुर्डीला (ते गाव नंतर साळावली धरणात बुडालं), दीनानाथ मंगेशकर 1900 मध्ये मंगेशीला, तिथलेच जितेंद्र अभिषेकी 1929 मधले. आणि लयीचे जादूगार खाप्रूमामा पर्वतकर. एवढ्याशा मुलखात एवढी माणसं कशी, असा प्रश्न लोक विचारतात आणि मग 'मातीतच सूर आहे' वगैरे बोलतात. माती कसली! देवळांनी शतकानुशतकं पगारी काम दिलं होतं म्हणून हे झालं, आणि त्याची किंमत त्या घराण्यांतल्या बायकांनी मोजली, हेही त्याच्यासोबतच सांगायला हवं.

नाचाचं गोव्याच्या सीझनमध्ये आजही जरा परक्यासारखं का आहे त्याचा धागा माझ्या मते इथेच आहे. विसाव्या शतकात कलावंत समाजाने स्वतः सुधारणा केली, मुली शिकल्या, आणि देवळातलं नाचणं बंद करणं हा त्या सुधारणेचा भागच होता. गाणं मैफिलीत जाऊन प्रतिष्ठित झालं, केसरबाईंचा भैरवीचा आवाज 1977 मध्ये व्हॉयेजर यानातल्या तबकडीतून अंतराळातही गेला, पण नाचाला तसा रस्ता मिळाला नाही. धालो, फुगडी हे बायकांचे नाच गावातल्या मांडावर, म्हणजे ठरलेल्या अंगणात राहिले. स्टेजवरचा नाच नंतर क्लासमधून, कथ्थक-भरतनाट्यम होऊन परत आला.

नाटकाचं मात्र भलतंच झालं. मुळात इथे जागर, रणमाले, काला, पेडण्याकडे दशावतार हे सगळे लोकनाट्याचे प्रकार होतेच, म्हणजे रात्रभर जागून सोंगं बघायची सवय लोकांना होती. 1880 मध्ये पुण्यात किर्लोस्करांचं शाकुंतल आलं आणि संगीत नाटकाची लाट सगळीकडे गेली, ती गोव्यात नुसती पोचली नाही, ती देवळातच घुसली. जत्रेच्या, पालखीच्या रात्री वाड्यावरच्या पोरांनी मिळून नाटक करायचं, बायकांची कामं पुरुषांनीच करायची, तालीम मास्तर बाहेरून आणायचा, पेटीवाला ठरलेला, दहाला नांदी आणि पहाटेपर्यंत खेळ. गोव्यात नाटक 'बघणारा' आणि नाटक 'करणारा' असे दोन वेगळे लोक फारसे नव्हतेच, आणि अजूनही हॉलमध्ये बसलेल्यातला निम्मा प्रेक्षक कधी ना कधी तोंडाला रंग लावलेला असतो. म्हणून इथला प्रेक्षक वाईट गाणं सहन करत नाही, कारण त्याला ते पद येत असतं. जांबावलीचा दामोदराचा गुलाल आठवा, मडगावचे लोक शिगम्याला तिथे जातात आणि दिवसा गुलाल झाला की रात्री नाटकं, ओळीने. तो एक फेस्टिव्हलच आहे की, फक्त त्याला तसं कोणी म्हणत नाही.

पोर्तुगीज सरकारचं काय, तर 1910 मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं आणि हिंदूंना जरा मोकळा श्वास मिळाला, शाळा, वाचनालयं, मंडळं निघाली, मडगावची गोमंत विद्या निकेतन ही संस्था 1912 मधली. पुढे हुकूमशहा सालाझार आला आणि सेन्सॉर बसला, पुस्तक काय, वर्तमानपत्र काय आणि नाटक काय, सगळ्यावर सरकारचा डोळा. पौराणिक नाटकं गोव्यात जास्त टिकली त्यात देवळाचा वाटा आहेच, पण थोडा या भीतीचाही असावा असं मला वाटतं.

आणि ज्यांना मोकळेपणाने धंदेवाईक नाटक करायचं होतं ते मुंबईला गेले. दीनानाथांची बळवंत संगीत मंडळी 1918 मधली, ती महाराष्ट्रातच वाढली. कोकणी तियात्रसुद्धा मुंबईतच जन्मलं, 17 एप्रिल 1892 ला, लुकासिन्य रिबेरो यांच्या 'इटालियन भुरगो'ने. 1919 मध्ये मुंबईत धि गोवा हिंदु असोसिएशन निघाली आणि तिच्या कला विभागाने 1964 मध्ये 'मत्स्यगंधा' केलं, संगीत अभिषेकींचं, कामं रामदास कामत आणि आशालता यांची, म्हणजे गोव्याची माणसं मुंबईत बसून मरगळलेल्या संगीत नाटकाला परत उभं करत होती. 1970 चं 'नटसम्राट' पण याच संस्थेचं. मराठी रंगभूमीच्या इतिहासात हे सगळं मुंबईच्या खात्यावर जमा होतं, ते होवो बापडं.

त्याच 1970 मध्ये पणजीत कला अकादमी स्थापन झाली. गोवा मुक्त होऊन नऊ वर्षं झाली होती, बांदोडकर मुख्यमंत्री होते. इमारत 1983 ची, मांडवीच्या काठावर, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची. ती मुद्दाम बुटकी आणि उघडी ठेवलीय, रस्त्यावरून आत शिरा आणि थेट नदीवर निघा, कोणी अडवत नाही (आता अडवतात, पण मूळ कल्पना ती). आतल्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात बाजूच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी सज्जे आणि त्यात बसलेले प्रेक्षक काढलेत, त्यामुळे हॉल रिकामा असला तरी नटाला माणसं दिसतात. त्याला जोडून खुला रंगमंच.

माझं म्हणणं असं की कला अकादमीने गोव्याला नवीन सीझन दिला नाही, जो होता त्याला स्पर्धेचा आणि छपराचा आधार दिला. मराठी नाट्यस्पर्धा, भजनी स्पर्धा, तियात्र स्पर्धा, सुरश्री केसरबाई केरकर संगीत समारोह. नाट्यस्पर्धेत उतरणारी पथकं बघा, बहुतेक गावातलीच, त्यातली कितीतरी उत्सवातल्या नाटकातून आलेली. ज्यांना उत्सवात पौराणिकच करावं लागायचं त्यांना स्पर्धेत प्रायोगिक करायला मिळालं आणि दोन्ही चालू राहिलं. पुढे रवींद्र भवनं तालुक्यातालुक्यात गेली तेव्हा हेच मॉडेल गेलं.

या कॅलेंडरला खरा धक्का दिला तो 2004 मध्ये. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, कायमचा गोव्यात आला आणि कार्तिकातले ऐन मोक्याचे दिवस सिनेमाला गेले. मग 2016 पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी हा कला महोत्सव. वाईट काही नाही, पण पणजीत लोकल ग्रुपला डेट मिळणं अवघड झालं आणि नाटक आपोआप फोंड्याकडे, मडगावकडे सरकलं, म्हणजे परत देवळांच्या जवळच.

त्यात 2021 मध्ये कला अकादमी दुरुस्तीसाठी बंद झाली. जुलै 2023 मध्ये खुल्या रंगमंचावरचं छप्पर कोसळलं, नोव्हेंबर 2023 मध्ये इमारत परत उघडली आणि लगेच साउंड, लाईट, गळती यावरून कलाकार रस्त्यावर उतरले, सरकारला टास्क फोर्स नेमावा लागला. बाहेरच्यांना नवल वाटलं की एका हॉलसाठी एवढं काय. पण बंद होतं त्या काळात सीझन काही थांबला नाही, जत्रेची नाटकं झाली, फोंड्यात झाली, गावच्या मांडवात झाली. भांडण होतं ते तालमीचं, आवाजाचं, म्हणजे गाणाऱ्या माणसाचा सूर शेवटच्या रांगेत माईकशिवाय नीट पोचतो की नाही याचं, आणि ज्यांनी हे भांडण केलं त्यातले बरेचजण त्याच वर्षी आपल्या गावच्या उत्सवात, भाड्याच्या स्पीकरवर, नांदीला उभे होते.